आधी कुंकू बघू

रिबन म्हटलं की तुम्हाआम्हाला शाळेतल्या पोरींच्या दोन वेण्या आठवतात. मढ गावात मात्र रिबन म्हटलं की लोक एका घराकडे बोट दाखवतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, झुबकेदार मिश्यांच्या माणसाला ‘रिबनदादा’ हे नाव कसं पडलं, एवढं विचारायला म्हणून मी पहिल्यांदा तिथं थांबलो आणि फसलो. दादांना एक प्रश्न विचारला की दोन चहा होतात आणि एक बोट चुकते.

मढला जायचे रस्ते दोन. वेसाव्याहून फेरीबोटीनं पाच-दहा मिनिटांत, नाहीतर मालाड स्टेशनहून २७१ नंबरची बस धरून आक्सा, एरंगळ करत, ट्रॅफिकच्या मर्जीनं. कसेही गेलात तरी दादांच्या घरापर्यंतची शेवटची शंभर पावलं तोंडात तोंड अडकवून बांबूंवर वाळत टांगलेल्या बोंबलांच्या शेजारूनच टाकावी लागतात. दारात पोचलात की आतून आवाज येतो, “कवा आयलास? फोटो आणलाय का?” आणला नसेल तर चहा तेवढ्यापुरताच मिळतो.

फोटो म्हणजे जुना, काळापांढरा, आणि त्यात वर्दीतलं कुणीतरी हवं. कुणाचे आजोबा, कुणाचे चुलत पणजोबा. छातीच्या डाव्या बाजूला, खिशाच्या वर, पदकांच्या फितींची एक ओळ. एकेक फीत सव्वा इंच रुंद. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. त्या दाण्यावर नाव लिहिलेलं असल्यासारखं दादा ते वाचतात.

हे वेड लागलं ते सिनेमामुळे. दादांची उमर गेली कपडेपटात. युनिटच्या भाषेत ‘ड्रेसदादा’. मढचे बंगले शूटिंगला जाऊ लागले तेव्हा गावातल्या ज्या पोरांनी होडी सोडून लाइट, ट्रॉली, कपडे धरले, त्यांतले हे एक. तीस वर्षं त्यांनी नटांना लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत बढत्या दिल्या. ‘त्या फिती कुठून आणायचात?’ असं मी विचारलं तर म्हणाले, “भुलेश्वर. लेसवाल्याकडं. राखीपौर्णिमा झाली की उरलेलं रेशीम स्वस्त. एका ब्रिगेडियरच्या छातीला मी हिच्या नारायणपेठीचा काठ लावलाय.” आतून काकूंचा आवाज आला, “आणि परत दिला नाय!”

मग एक दिवस असा आला. चीनच्या लढाईवरचा सिनेमा. हिरो १९६२ साली बर्फात मरतो. बघ्यांत एक निवृत्त फौजी उभे होते. शॉट संपल्यावर ते जवळ आले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, “तुमचा हिरो बासष्टला मेला. छातीवर एकाहत्तरच्या युद्धाचं पदक आहे. मेल्यावर नऊ वर्षं नोकरी केली का?” सगळं युनिट हसलं. “मी नाय हसलो,” दादा सांगतात. ही गोष्ट मी त्यांच्याकडून अकरा वेळा ऐकली आहे आणि अकराही वेळा इथं ते थांबतात, चष्मा काढतात, बनियनला पुसतात. “माणूस मेला रे. खोटा का होईना, मेला. आणि आपण त्याच्या छातीवर काय लावलं?”

तेव्हापासून दादा शिकायला लागले. चोरबाजारातून खऱ्या फितींचे तुकडे गोळा केले. ते आता पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात, एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसकट राहतात. मढला वर्दीचं तसं अप्रूप नाही. किल्ल्यावर हवाई दल, मार्व्याला नौदलाचं आयएनएस हमला. त्यामुळे अडलं की दादा कुणातरी जवानाला रस्त्यात थांबवून त्याच्या छातीकडे टक लावून बघतात. बिचारा आपलं बटण तुटलं का ते चाचपतो.

आता त्यांचा विधी सांगतो. फोटो हातात दिला की दादा तो बघत नाहीत. आधी साबणानं हात धुतात, कारण घरात सुकी मासळी. मग वर्तमानपत्र पसरतात. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग काढतात. मग शर्टाची बटणं तपासतात. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलटी दिसली तर निगेटिव्ह पालथी पडून फोटो छापला गेला, म्हणजे फितींची ओळही आरशातली. एकदा मालाडचं एक कुटुंब हमरीतुमरीवर आलं होतं. फोटोतल्या काकांची पदकं उजव्या छातीवर होती. थोरला म्हणे फोटो उलटा, धाकटा म्हणे काका डावरे. दादांनी बटणं बघितली, ती बरोबर होती. मग म्हणाले, “पदकं यांची नाय. बापाची. दुसऱ्याचं पदक घरच्यांनी घालायचं तर उजवीकडं घालायची रीत हाय.” काकांची सगळी मर्दुमकी त्या दुपारी एक पिढी मागं सरकली. कुटुंब समेट करून, पण जरा गप्प होऊन परत गेलं.

बटणांनंतर येतं दादांचं ब्रह्मवाक्य: “आधी कुंकू बघू.”

सैनिकाच्या फोटोत कुंकू कुठून, असं मलाही वाटलं होतं. पण जुने स्टुडिओतले फोटो बहुधा जोडीनं काढलेले. तो खुर्चीत, ती शेजारी उभी, खांद्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. गंमत अशी, की जुन्या एका जातीच्या फिल्मला आणि काचेच्या प्लेटला लाल रंग दिसतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येई. अशा फिल्मवर लाल उतरतो काळाकुट्ट आणि निळा उतरतो फिका, जवळजवळ पांढरा. नंतरची फिल्म सगळे रंग जाणते. तिच्यावर निळा गडद आणि लाल मधल्या राखाडीत. आता फितींचे रंग म्हणजे मुख्यतः लाल आणि निळाच. फिल्म कुठली ते कळलं नाही तर एकच फीत दोन फोटोंत दोन वेगळ्या फिती वाटते. आणि फिल्म कुठली ते सांगणारी, रंग पक्का ठाऊक असलेली एकच गोष्ट साऱ्या फोटोत असते. कुंकू काजळासारखं काळं दिसलं की दादा म्हणतात, “आंधळी फिल्म.” राखाडी दिसलं तर, “डोळस.” विधवेचा किंवा एकट्या पुरुषाचा फोटो असला की दादा हळहळतात. तो शोक कितपत माणसासाठी आणि कितपत पुराव्यासाठी, ते सांगता येत नाही.

आंधळ्या फिल्मचा फोटो असला की डब्यातले खरे तुकडे बाहेर निघतात आणि सोबत सेटवरून आणलेला निळा जिलेटिन, लाइटवाले दिव्यापुढे लावतात तो. त्यातून फीत बघितली की लाल पट्टा झपकन काळा होतो, निळा उजळतो. म्हणजे १९४० सालची फिल्म जसं बघत असे, तसं तुम्ही मढच्या ओट्यावर बसून बघता. मला पहिल्यांदा तो जिलेटिन डोळ्याला लावायला दिला तेव्हा दादा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, जादूगार पोराकडे बघतो तसे. तेवढ्यात काकूंनी निळ्या जिलेटिनमधून निळाच दिसणारा चहा पुढं ठेवला. तो गार झाला. दादांच्या घरचा चहा गारच प्यायचा असतो.

तुकडे काढले की शिकवणी सुरू होते. ‘१९३९-४५ स्टार’ची फीत गडद निळी, लाल, फिकी निळी, आरमार, पायदळ, हवाई दल, तिघांचे सारखे वाटे. ‘आफ्रिका स्टार’ वाळूच्या रंगाची, मधोमध लाल. तिच्यावर कधी ‘८’ हा आकडा बारीक धातूचा लावलेला असतो, म्हणजे माणूस आठव्या सैन्यात होता. “तो आठ सापडला ना, की मी त्या दिवशी जेवण विसरतो.” ‘इटली स्टार’ लाल-पांढरा-हिरवा, त्यांच्या झेंड्यावरून. ‘बर्मा स्टार’ निळी, मधे रुंद लाल, आणि निळ्यात दोन नारिंगी रेघा, सूर्याच्या. पहिल्या महायुद्धाचं ‘व्हिक्टरी मेडल’ म्हणजे दोन इंद्रधनुष्यं पाठीला पाठ लावून. त्याचं दादा नावच ‘दुहेरी पाऊस’ म्हणून घेतात.

याचा परिणाम असा, की जगातली कुठलीही पट्टेदार वस्तू दादांना आता निरागसपणे बघता येत नाही. लग्नात नवरीचा शालू बघून “काठ व्हिक्टरी, पदर बर्मा” असं पुटपुटतात. टूथपेस्टच्या तीन रंगांना सलाम करायचे तेवढे राहतात. आणि पंगतीत शेजारी कोण बसेल त्याला एक कोडं घालतात: “परमवीर चक्र कोणी काढलं?” उत्तर येत नाही, हे त्यांना ठाऊक असतं, त्यातच सुख. “सावित्रीबाई खानोलकर! जन्मल्या स्वित्झर्लंडात, १९१३ ला. पण लग्न केलं आपल्या विक्रम खानोलकरांशी. इंद्राचं वज्र काढलंय त्यावर, चार बाजूंना चार. फीत साधी जांभळी. बघ, सगळ्यात मोठं पदक आणि फितीवर एक रेघ नाय!” तोवर पंगतीत जिलेबी येऊन गेलेली असते.

दादांचं दुसरं ब्रह्मवाक्य, “हजर होता.” याचा लोकांना राग येतो. कारण फोटो घेऊन येणारा प्रत्येक जण शौर्य घेऊन येतो. एक गृहस्थ आले, मराठा पलटणीतल्या आजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस होता म्हणत. छातीवर एक काळी सरळ पट्टी. दादांनी शांतपणे सांगितलं, दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीचे व्हिक्टोरिया क्रॉस दोनच. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, इटलीत पडले, पदक मरणोत्तर. आणि शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, इटलीतच, सेनियो नदीवर. “त्यांतले हे कोण?” गृहस्थ गोरेमोरे. दादांनी भिंग त्यांच्याच हातात दिलं. “फीत खिशाच्या वर असते. ही खाली हाय. नुसती फीत लावली तर व्हिक्टोरिया क्रॉसवर बारका क्रूस असतो. हितं नाय.” ती पट्टी खिशाच्या झाकणाची सावली होती. पण खिशाच्या वर, धूसर दोन फिती खरंच होत्या. दादांनी पाऊण तास घालवून एक ‘इटली स्टार’ शोधून दिला. “तुमचे आजोबा त्या इटलीत हजर होते. हे कमी हाय का?” गृहस्थांच्या तोंडावरून ते कमीच होतं असं दिसलं.

सगळ्यांना मात्र राग येत नाही. मासळी सुकवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं एकदा बापाचा फोटो आणला. बोटीवर खलाशी होता, लढाईत परदेशी गेला, एवढंच माहीत. फोटोत दोन फिती. एकीला तीन पट्टे नीट दिसत. दुसरीला पट्टेच नव्हते. राखाडी, मग पांढुरकं, मग परत राखाडी, एकात एक विरघळलेलं. “फोटो विटला गो,” म्हातारी म्हणाली. दादांनी डबा उघडला आणि एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. गडद निळा, तो हळूहळू पांढरा होत जातो आणि पांढऱ्यातून समुद्राचा हिरवा निघतो. मधे कुठंच रेघ नाही. ‘अटलांटिक स्टार’. “फोटो नाय विटला. फीतच तशी इणलीय. समुद्रासारखी.” जन्मभर समुद्राशेजारी राहिलेली बाई तो तुकडा उन्हात धरून किती वेळ बघत होती. मग म्हणाली, “लय थंडी असंल नाय तिकडं?” त्यावर दादांजवळ उत्तर नव्हतं. थंडीची फीत नसते.

सिनेमावाले अजून मढला येतात, आता जास्त मालिकावाले. दादा शूटिंग बघायला जात नाहीत, ‘सहज’ तिकडून जातात. परवा एका मालिकेतल्या मेजरच्या छातीवर महावीर चक्राची अर्धी पांढरी-अर्धी नारिंगी फीत दोनदा लावलेली त्यांनी पाहिली. शॉट चालू असताना हे थेट चौकटीत. डायरेक्टर तरुण होता, पण संस्कारी. म्हणाला, “दादा, टीव्हीवर एवढं बारीक कोण बघतं?”

“मी,” दादा म्हणाले.

त्यांना खुर्ची दिली गेली, लांब.

शेवटी मीही माझा फोटो घेऊन गेलो. आमच्या घरात आजोबांचा वर्दीतला एक फोटो आहे, शेजारी आजी. तो गणपतीत खाली उतरवून पुसतात. आजोबा ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, एक गोळी टोपीतून गेली, ही कथा आत्या दर गणपतीत सांगते आणि दर वर्षी गोळी डोक्याच्या थोडी आणखी जवळून जाते. फोटोही म्हणे ब्रह्मदेशाला निघताना, १९४३ साली काढलेला. मी इंटरनेटवर बघून तयारीनं गेलो होतो. दोन फिती, पहिलीच्या मधोमध काळी रेघ. बर्मा स्टार! दादांना म्हटलं, “नुसतं नक्की करून हवंय.”

दादांनी हात धुतले. वर्तमानपत्र. बटणं. मग म्हणाले, “आधी कुंकू बघू.” आजीचं कुंकू शाईसारखं काळं होतं. आंधळी फिल्म. माझा अर्धा बर्मा तिथंच गेला.

“बर्मा असता तर मधला पट्टा रुंद काळा. ही बघ, दोऱ्याएवढी रेघ. आणि कडा काळ्या. म्हणजे कडेला लाल, मग निळा, मधे पांढऱ्यात बारीक लाल. हे ‘वॉर मेडल’. अठ्ठावीस दिवस नोकरी केली की मिळायचं.” मग ते दुसऱ्या फितीवर फार वेळ थांबले. ती इतकी फिकी होती की मी तिला फीत धरलंच नव्हतं. त्यांनी डब्यातून एक तुकडा काढला, गडद निळ्यावर फिके निळे पट्टे, आणि जिलेटिन माझ्या डोळ्याला लावला. दोन्ही निळे एकमेकांत जाऊन तुकडा पांढुरका झाला. हुबेहूब.

“‘इंडिया सर्व्हिस मेडल’. लढाईच्या काळात तीन वर्षं देशातच नोकरी. आघाडीवर नाय. हे पदकच १९४६ ला निघालं, म्हणजे त्रेचाळीसचा फोटो नाय हा. सत्तेचाळीसचं स्वातंत्र्याचं पदकही नाय छातीवर, त्याआधीचा. बटणांकडची पहिली जागा ‘१९३९-४५ स्टार’ची, ती पण नाय.” मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “वडील कधीचे तुझे?”

“चव्वेचाळीसचे.”

दादा काही बोलले नाहीत. बनियनला चष्मा पुसत राहिले. मग मीच हसायला लागलो. साऱ्या घरानं ऐंशी वर्षं जो बर्मा जपला, त्याच्या विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावा रोज सकाळी आमच्याच घरात पेपर वाचत बसायचा. आजोबांना ती फिकी फीत मिळाली म्हणून वडील, आणि वडील म्हणून मी. मिळाली असती गडद फीत, तर आज ओट्यावर हा गार चहा कोण प्यालं असतं?

दादांनी मऊ पेन्सिल घेतली. पेन ते फोटोला लागू देत नाहीत. मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं: ‘वॉर मेडल. इंडिया सर्व्हिस मेडल. तीन वर्षं देशात हजर.’ मी तो फोटो आत्याला भीतभीतच दाखवला. तिनं मागचं वाचलं, पुढं फिरवून आजोबांकडे बघितलं, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, “तरीच. आई जन्मभर प्रत्येक भाजीवालीला देवळालीचा भाव सांगायची.” फितीला गाव सांगता आलं नव्हतं, ते आत्यानं सांगितलं. या गणपतीत गोळी आली नाही. देवळालीची वांगी आली, आठ आण्यांत किती ते.

हे सांगायला मी परत मढला गेलो. दादा हात धूत होते. भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, एक काळापांढरा फोटो मला त्या दिवशी पहिल्यांदाच नीट दिसला. सेटवरचा स्टिल. एक नामांकित नट, छाती पुढं काढून, वर्दीत. त्यात दादा कुठं आहेत म्हणून मी शोधलं, तर ते नव्हते. तीस वर्षं कॅमेऱ्याच्या मागं काढलेला माणूस फोटोत कुठला? मग दिसलं. डाव्या कडेनं एक हात चौकटीत शिरलेला, नटाच्या छातीवरची फीत सरळ करणारा. नुसता पंजा आणि थोडं मनगट.

मी भिंग मागितलं. दादांनी ते निमूटपणे दिलं, हे नवलच. वीरचक्राची फीत, अर्धी गडद, अर्धी फिकी. फोटोत कुंकू नव्हतं, तरी एवढं मलाही कळलं. मी फोटो खिळ्यावरून उतरवला आणि सवयीनं मागं फिरवला. पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीनं, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं:

‘वीरचक्र. फीत उलटी. लावणारा हजर होता.’